उसन्या श्वासाचा नट

१९५३ सालची गोष्ट. लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’ नाट्यगृहात टी. एस. एलियटच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ या नाटकाचे प्रयोग चालू होते. राजाशी वैर पत्करून मरणाला सामोरा जाणारा आर्चबिशप टॉमस बेकेट हा त्याचा नायक. त्याच्या तोंडी लांबच लांब पद्यमय भाषणे, आणि नाटकाच्या मध्यावर तर एकट्याने उभे राहून करायचे आख्खे प्रवचन! प्रेक्षक तल्लीन होऊन ऐकत असत. बेकेटची भूमिका करणाऱ्या नटाचा आवाज होताच तसा. मऊ, पण शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचणारा. शब्दामागून शब्द असा येई, की जणू त्याला काही सायासच पडत नाहीत.

प्रेक्षकांना जे दिसत नव्हते, ते विंगेत उभे होते. ऑक्सिजनचे सिलिंडर!

रंगमंचावरून आत यावे, तो उसना श्वास छातीत भरून घ्यावा आणि पुन्हा धर्मगुरूच्या शांत पावलांनी प्रकाशात जावे, असा त्या नटाचा संसार चालला होता. त्याचे नाव रॉबर्ट डोनॅट. आजच्या तरुण वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेही नसेल. पण ज्या वर्षी ‘गॉन विथ द विंड’ने ऑस्कर पारितोषिकांची लूट केली, त्या वर्षी उत्तम नटाचे पारितोषिक मात्र क्लार्क गेबलला मिळाले नाही. लॉरेन्स ऑलिव्हिए, जेम्स स्ट्यूअर्ट आणि मिकी रूनी हेही त्या शर्यतीत होते, त्यांनाही मिळाले नाही. ते मिळाले या डोनॅटला.

नटाचे खरे भांडवल कोणते, असा प्रश्न विचारला तर कोणी रूप म्हणेल, कोणी आवाज म्हणेल, कोणी स्मरणशक्ती म्हणेल. पण या सर्वांच्या मुळाशी असते ते भांडवल श्वासाचे. ज्याच्यापाशी नेमके तेच कमी होते, अशा एका माणसाने आयुष्यभर धंदा कसा केला, त्याची ही हकीकत आहे.

* * *

रॉबर्ट डोनॅटचा जन्म १८ मार्च १९०५ रोजी मँचेस्टरजवळच्या विदिंग्टन येथे झाला. वडील इंजिनियर, मूळचे युरोप खंडातल्या घराण्यातले. लहानपणी हा मुलगा बोलताना अडखळत असे. पुढे ज्याच्या आवाजावर साऱ्या इंग्लंडने जीव टाकला, त्याचा पहिला झगडा हा असा शब्द तोंडाबाहेर काढण्याशीच झाला.

मँचेस्टरमध्ये जेम्स बर्नार्ड नावाचे एक नामांकित शिक्षक होते. उच्चार, वाचन आणि नाट्यपूर्ण भाषण ते शिकवीत. त्यांच्याकडे हा मुलगा जाऊ लागला. अडखळणे तर गेलेच, पण त्या जागी शब्दांविषयी एक विलक्षण आस्था निर्माण झाली. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि शिकवणीची फी भागावी म्हणून बर्नार्ड यांच्याकडेच चिटणिसाचे काम धरले. गुरूच्या घरी राबून विद्या मिळवण्याची रीत आपल्याला नवी नाही. पण विलायतेतही ती होती, हे वाचून मला मौज वाटली.

१९२१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बर्मिंगहॅमला तो प्रथम रंगभूमीवर आला. नाटक शेक्सपिअरचे ‘ज्यूलियस सीझर’ आणि भूमिका ब्रूटसच्या पोरगेल्या नोकराची, ल्यूशियसची. दिवसभराच्या कामाने थकून वाद्य वाजवता वाजवता झोपी जाणारे ते पोर आठवते ना? तोच हा. त्यानंतर १९२४ मध्ये तो सर फ्रँक बेन्सन यांच्या मंडळीत शिरला. बेन्सन यांची मंडळी म्हणजे आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांसारखीच. आज या गावी, उद्या त्या गावी, बिऱ्हाड पाठीवर, आणि आठवड्याभरात चार-पाच निरनिराळी नाटके. अशा मंडळीत नट घडतो तरी, नाही तर मोडतो तरी. डोनॅट घडला. बेन्सननंतर लिव्हरपूल, केंब्रिज अशी गावे करीत करीत तो लंडनला पोचला, आणि १९३१ मध्ये मेरी वेबच्या ‘प्रेशस बेन’ या कादंबरीवरून केलेल्या नाटकात त्याचे नाव झाले.

याच सुमारास चित्रपटवाल्यांची नजर त्याच्यावर पडली. अलेक्झांडर कोर्डा हा हंगेरीहून आलेला निर्माता इंग्लंडमध्ये नव्या दमाच्या नटांच्या शोधात होता. डोनॅटने आधी दिलेल्या चाचण्या फसल्या होत्या. असे सांगतात की, अशाच एका चाचणीत आपण आता पुन्हा नापास होणार, हे ध्यानात येऊन डोनॅटला स्वतःचेच हसू फुटले आणि ते काही केल्या आवरेना. कोर्डाला ते हसू इतके अस्सल वाटले की त्याने तिथल्या तिथे करार करायला सांगितले! गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेल. पण डोनॅटचे हसू ज्यांनी पडद्यावर पाहिले आहे, त्यांना ती खोटी वाटणार नाही.

१९३३ साली कोर्डाच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये तो राजाच्या पाचव्या राणीवर जीव जडवणारा कल्पेपर झाला. त्या चित्रपटाचा सारा डामडौल चार्ल्स लॉटनचा होता, पण लोकांनी या देखण्या तरुणालाही हेरले. पुढच्याच वर्षी हॉलिवूडने बोलावले आणि ‘द काउंट ऑफ माँटेक्रिस्टो’ निघाला. चित्रपट खूप चालला. हॉलिवूडने आता त्याला समुद्री चाच्यांच्या एका कथेचा नायक करायचे ठरवले. डोनॅटने तो चित्रपट सोडला. ती भूमिका मग एका जवळजवळ अनोळखी तरुणाकडे गेली आणि ‘कॅप्टन ब्लड’ने एरल फ्लिन हे नाव एका रात्रीत जगाला माहीत झाले. डोनॅट मायदेशी परतला. हॉलिवूडमध्ये काढलेला त्याचा तो एकच चित्रपट.

१९३५ साली अल्फ्रेड हिचकॉकचा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ आला. खुनाचा खोटा आळ आलेला नायक स्कॉटलंडच्या माळरानावरून पळतो आहे, मागे पोलीस, पुढे हेरांची टोळी, आणि त्याच्या मनगटाला बेडीने अडकवलेली एक तरुणी, जिचा त्याच्या एकाही शब्दावर विश्वास नाही! या चित्रपटातला डोनॅट पाहावा. तो डोंगर चढतो, पुलावरून निसटतो, भलत्याच सभेत शिरून वक्ता समजून उभा केला जातो आणि काहीबाही बोलून टाळ्या मिळवतो. कुठेही धाप नाही, दमणूक नाही. पाहणाऱ्याला वाटावे की या माणसाच्या छातीत दोन माणसांचा श्वास आहे.

खरी स्थिती अगदी उलट होती. याच वर्षांत दम्याने त्याला गाठले होते.

* * *

दमा म्हटले की सर्वसाधारण समजूत अशी असते, की रोग्याला श्वास आत घेता येत नाही. वास्तविक अवघड जाते ते श्वास बाहेर सोडणे. फुप्फुसात जाणाऱ्या नळ्यांचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ साचतो, आणि आत गेलेली हवा आत कोंडून पडते. छाती भरलेली असते, पण ती रिकामी होत नाही. म्हणून नव्या हवेला जागा मिळत नाही.

आता हे पाहा, आपण बोलतो तो कोणत्या श्वासावर? बाहेर जाणाऱ्या. प्रत्येक वाक्य म्हणजे सोडलेला एक श्वास. गवई तान घेतो ती याच श्वासावर, आणि नट स्वगत म्हणतो तेही याच श्वासावर. म्हणजे दम्याने डोनॅटच्या शरीरातली नेमकी तीच वाट अडवली, जी त्याच्या पोटापाण्याची होती आणि जी त्याने लहानपणी एवढ्या कष्टाने मोकळी करून घेतली होती.

उपायही तोकडेच. अॅड्रेनॅलिनची इंजेक्शने, एफेड्रिनच्या गोळ्या, हवापालट, पथ्य. त्याहून वाईट गोष्ट अशी, की त्या काळचे मोठमोठे डॉक्टर दम्याला मनाचा रोग समजत. लहानपणची एखादी भीती, आईविषयीची ओढ, दबलेले रडे यांतून तो उद्भवतो, असे ग्रंथांत गंभीरपणे लिहिलेले असे. मनाचा ताण दम्याला चाळवतो, हे खरेच आहे. पण ताण म्हणजेच दमा, हे खरे नाही. डोनॅट मुळातच संशयी स्वभावाचा. आपले काम नीट होईल की नाही, याची त्याला सतत धास्ती. असल्या माणसाला, तुझा रोग तुझ्या मनात आहे, असे सांगणे म्हणजे धाप लागली तरी अपराध त्याचाच! उबळ आली की चित्रीकरण थांबे, लोक खोळंबत, पैसे बुडत, आणि ते सारे आपल्या मनाच्या दुबळेपणामुळे, अशी टोचणी वर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या घरी दमा होता.

माझे वडील शाळेत मराठी शिकवीत. एक वर्ष मी त्यांच्याच वर्गात होतो. कविता शिकवता शिकवता ते मध्येच थांबत, आमच्याकडे पाठ करीत आणि फळ्यावर काहीतरी लिहू लागत. एखादा शब्द, एखादी तारीख. पुष्कळदा त्या शब्दाचा कवितेशी संबंधही नसे. आम्हा मुलांना वाटे, सर विचार करताहेत. कॉलेजात गेल्यावर केव्हातरी मला उमगले, की ते पाठ करीत ते श्वासासाठी. पंप त्यांच्यापाशी होता, पण तो चष्म्याच्या घरात लपवलेला असे. कारण घरातली वडीलधारी माणसे म्हणत, पंपाची सवय लागते. आणि नातेवाईक म्हणत, मनावर घेऊ नकोस म्हणजे होईल बरा. रात्री-अपरात्री ते अंथरुणात उठून, उशीवर कोपरे टेकून बसलेले असत. आपल्यामुळे कोणाची झोप मोडू नये म्हणून खोकलासुद्धा दाबीत.

तेव्हा डोनॅटविषयी वाचताना मला एकाच वेळी दोन माणसे दिसू लागली, हे आधीच कबूल करून पुढे जातो.

* * *

१९३७ च्या ‘नाइट विदाउट आर्मर’ या चित्रपटाच्या वेळी हे दुखणे चव्हाट्यावर आले. नायिका होती मार्लीन डीट्रिश. तिच्या मानधनाचा आकडा त्या काळी डोळे पांढरे करणारा होता. चित्रीकरण ऐन रंगात असताना डोनॅटला असा जबर झटका आला की काम बंद पडले. कोर्डाच्या मनात आले, नट बदलावा. धंद्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नव्हते. पण डीट्रिशने हट्ट धरला, की थांबायचे. तिच्यासारख्या दिमाखदार नटीने आजारी सहकाऱ्यासाठी खोळंबून राहणे, ही त्या झगमगत्या जगात सहज घडणारी गोष्ट नव्हती. डोनॅट बरा होऊन परतला आणि चित्रपट पुरा झाला.

त्यानंतरची दोन वर्षे हा त्याच्या आयुष्याचा माध्यान्ह.

१९३८ साली किंग व्हिडॉरने ए. जे. क्रोनिनच्या ‘द सिटाडेल’ या कादंबरीवर चित्रपट काढला. डोनॅट झाला डॉक्टर अँड्र्यू मॅन्सन. वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या गावी आलेला हा तरुण डॉक्टर खाणकामगारांच्या खोकल्याचे मूळ शोधू लागतो. हवेतली धूळ आणि माणसांची फुप्फुसे, हाच त्याच्या अभ्यासाचा विषय. योगायोग पाहा! आणि त्यात एक प्रसंग आहे. एका खाणकामगाराच्या घरी मूल जन्माला येते ते निपचित. श्वास नाही. सुईण त्याला मेलेले समजून बाजूला ठेवते. मॅन्सन ते इवलेसे अंग उचलतो, चोळतो, गरम पाण्यात, थंड पाण्यात आळीपाळीने बुडवतो, पुन्हा चोळतो. आणि अखेर ते पोर श्वास घेते, रडते. त्या क्षणीचा डोनॅटचा चेहरा मी विसरू शकत नाही. एका श्वासाची किंमत काय असते, हे त्याला कोणी दिग्दर्शकाने समजावून द्यायला नको होते. या भूमिकेसाठी ऑस्करच्या यादीत त्याचे नाव आले.

आणि १९३९ मध्ये आला ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’.

जेम्स हिल्टनची ही छोटेखानी कादंबरी १९३४ सालची. ब्रुकफील्ड नावाच्या शाळेत लॅटिन शिकवणारा एक बुजरा, कोरडा, मुलांना नकोसा वाटणारा मास्तर. त्याला सगळे चिप्स म्हणतात ते पुढे, प्रेम जडल्यावर. एका सुट्टीत डोंगरावर त्याला एक तरुणी भेटते, लग्न होते, ती त्याच्यातला माणूस बाहेर काढते आणि बाळंतपणात मूल आणि ती दोघेही जातात. चिप्स त्याच दिवशी वर्गात येऊन शिकवायला बसतो. वर्षे जातात, महायुद्ध येते, जुने विद्यार्थी रणांगणावर पडतात, त्यांची नावे प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवण्याचे काम म्हाताऱ्या चिप्सकडे येते.

डोनॅट तेव्हा अवघ्या तिशीत होता. पंचविशीच्या उमेदवार मास्तरापासून त्र्याऐंशी वर्षांच्या जख्ख म्हाताऱ्यापर्यंतचा प्रवास त्याने करून दाखवला. दाढीमिशा आणि सुरकुत्या रंगभूषाकार लावून देतो. त्यात नटाची करामत नाही. करामत आहे ती आवाजात. तरुण चिप्सची वाक्ये सरळ, शिस्तीची. मध्यमवयीन चिप्सच्या बोलण्यात मिस्किलपणा शिरतो. आणि म्हातारा चिप्स वाक्याच्या मध्येच थांबतो, हुंकार देतो, थोडा श्वास गोळा करतो आणि मग उरलेले वाक्य पुरे करतो. चित्रपटात प्रसंग उलटसुलट क्रमाने टिपले जातात. सकाळी म्हातारपण, दुपारी तारुण्य. म्हणून डोनॅट आपल्या पात्राच्या मनःस्थितीचा आलेख आधीच कागदावर काढून ठेवी. कुठे चढ, कुठे उतार, कुठे विराम. हिशेबी माणसाने जमाखर्च मांडावा, तसा.

मरणशय्येवरच्या चिप्सच्या कानावर पडते, की बिचाऱ्याला मूलबाळ नव्हते. तो क्षीणपणे डोळे उघडतो आणि म्हणतो की त्याला मुले होती, हजारो होती, आणि सगळे मुलगेच! या वाक्याला ज्या शिक्षकाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, त्याने दुसरा व्यवसाय बघावा.

२९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री ऑस्कर जाहीर झाले तेव्हा डोनॅट तिथे नव्हता. इंग्लंडमध्ये युद्ध सुरू होऊन सहा महिने होत आले होते.

* * *

इथून पुढची कहाणी यशाच्या चढत्या कमानीची असायला हवी होती. वय पस्तीस, हाती ऑस्कर, अंगी रूप आणि गुण. जॉन गिलगुड, राल्फ रिचर्डसन, लॉरेन्स ऑलिव्हिए हे सारे त्याच्याच पिढीचे. तिघेही पुढे ‘सर’ झाले आणि म्हातारपणापर्यंत काम करीत राहिले. डोनॅटच्या वाट्याला आली ती मोजकी कामे आणि न झालेल्या कामांची लांबलचक यादी. पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याचे चित्रपट भरतात जेमतेम वीस!

पण जी झाली ती पाहावीत. १९४२ च्या ‘द यंग मिस्टर पिट’मध्ये तो विल्यम पिट झाला. चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झालेला आणि नेपोलियनशी झुंजता झुंजता शेहेचाळिसाव्या वर्षी खंगून मेलेला मुत्सद्दी. युद्धाच्या दिवसांतच त्याने लंडनमधले वेस्टमिन्स्टर नाट्यगृह चालवायला घेतले, शॉच्या ‘हार्टब्रेक हाउस’मध्ये म्हातारा कॅप्टन शॉटोव्हर उभा केला. १९४९ मध्ये ‘द क्युअर फॉर लव्ह’ हा आपल्या लँकशायरकडच्या बोलीतला चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. त्यातली नायिका रेने अॅशरसन हिच्याशी पुढे १९५३ मध्ये त्याने लग्न केले. पहिला विवाह १९२९ सालचा. त्या पत्नीपासून तीन मुले. तो संसार १९४६ मध्ये मोडला होता.

माझ्या मते त्याच्या आवाजाची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती १९४८ च्या ‘द विन्स्लो बॉय’मध्ये. टेरेन्स रॅटिगनचे हे नाटक एका खऱ्या खटल्यावर आधारलेले. नौदलाच्या शाळेतल्या एका पोरावर पाच शिलिंगांच्या पोस्टल ऑर्डरच्या चोरीचा आळ येतो आणि बाप सर्वस्व पणाला लावून सरकारशी भांडतो. डोनॅट त्यात विख्यात वकील सर रॉबर्ट मॉर्टन. वकीलपत्र घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी तो त्या पोराची उलटतपासणी घेतो. आवाज चढवीत नाही. एकेक प्रश्न थंडपणे, सुरीने कापावा तसा. पोर रडकुंडीला येते, घरचे संतापतात, आणि हा महाशय टोपी उचलून जाता जाता सांगतो की मुलगा उघड उघड निर्दोष आहे आणि खटला आपण घेतो आहोत! दुसरा एखादा नट या प्रसंगी गरजला असता. डोनॅटपाशी गरजायला श्वास नव्हता. त्याने कुजबुजीच्या वरच्या पट्टीत सारा प्रसंग पेलला.

इथे एक मोह आवरला पाहिजे. आपल्या लोकांना दुःखातून कला जन्मते, असे म्हणायला फार आवडते. कोणी म्हणेल, दमा नसता तर डोनॅटच्या बोलण्यात हा संयम आला नसता. म्हणजे दम्यानेच त्याला मोठा केला. मला हे साफ नामंजूर आहे. संयम त्याने दमा होण्यापूर्वीच बर्नार्ड यांच्या शिकवणीत आणि बेन्सनच्या मंडळीत मिळवला होता. दम्याने त्याला दिले काहीच नाही. नेले मात्र पुष्कळ. १९५४ च्या ‘हॉब्सन्स चॉइस’मध्ये डेव्हिड लीनने त्याला बूट शिवणाऱ्या विली मॉसपच्या भूमिकेसाठी निवडले होते. लँकशायरचे नाटक, लँकशायरचा नट! ऐनवेळी छातीने दगा दिला आणि ते काम जॉन मिल्सकडे गेले. अशी आणखी किती गेली असतील! माझे वडील फळ्याकडे वळत तेव्हा तो विराम आम्हाला सुंदर वाटे. त्यांना तो सुंदर वाटत नसणार.

* * *

‘हॉब्सन्स चॉइस’ गेला त्याच वर्षी ‘लीज ऑफ लाइफ’ हा चित्रपट त्याच्या वाट्याला आला. खेड्यातल्या एका गरीब पाद्र्याला डॉक्टर सांगतात, तुमचे आयुष्य आता फार तर वर्षभराचे. ते कळल्यावर हा भिडस्त माणूस प्रथमच मोकळेपणाने बोलू लागतो. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे डोनॅटचा चित्रपट नाही.

१९५८ साली मार्क रॉब्सनने ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ काढायला घेतला. चीनमध्ये अनाथ मुलांना युद्धातून वाचवून डोंगरापार नेणाऱ्या ग्लॅडिस एल्वर्ड या इंग्रज बाईची कथा. नायिका इंग्रिड बर्गमन. चीन उभा केला होता वेल्सच्या डोंगरांत! ज्या वेल्सच्या खाणींच्या कथेने वीस वर्षांपूर्वी त्याला कीर्ती दिली, त्याच मुलखात उभा केलेला हा चीन. डोनॅटने त्यात यांगचेंगचा वृद्ध चिनी अधिकारी साकारला. आता प्रकृती पार ढासळली होती. चेहरा रंगाखाली झाकता येतो, पण श्वास झाकता येत नाही. तरी आवाज तोच. चित्रपटाच्या अखेरीस गाव सोडून जाताना तो अधिकारी बर्गमनचा निरोप घेतो आणि आपली पुन्हा गाठ पडेल असे वाटत नाही, अशा अर्थाचे शब्द उच्चारतो. पडद्यावरचे त्याचे ते अखेरचे बोलणे. बर्गमनच्या डोळ्यांत त्या वेळी आलेले पाणी पाहून हा अभिनय आहे, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

९ जून १९५८ रोजी लंडनच्या इस्पितळात रॉबर्ट डोनॅट वारला. वय त्रेपन्न. चित्रपट लोकांसमोर आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. प्रेक्षकांनी तो निरोप ऐकला, तेव्हा निरोप घेणारा खरोखरच गेलेला होता.

दैवाची रीत पाहा. हाताने दाबून औषधाचा मोजका फवारा घेण्याचा पंप बाजारात आला १९५६ मध्ये, म्हणजे डोनॅटच्या मरणाआधी केवळ दोन वर्षे. आवळलेल्या नळ्या सैल करणारे साल्ब्युटामॉल आले १९६९ मध्ये, आणि नळ्यांची सूजच आटोक्यात ठेवणारा स्टिरॉइडचा पंप १९७२ मध्ये. आज दम्याचा रोगी नियमाने औषध घेऊन गातो, पळतो, ऑलिंपिकमध्ये पदकेही जिंकतो. डोनॅट पंचवीस वर्षे उशिरा जन्मला असता, तर आपल्याला त्याचे वीसाच्या जागी कदाचित साठ चित्रपट पाहायला मिळाले असते.

पण माझे वडील तर उशिरा जन्मले होते. औषध बाजारात होते, खिशातही होते. फक्त ते चष्म्याच्या घरात होते. डोनॅटला काळाने मारले. आमच्याकडे मात्र, लोक काय म्हणतील, या एका वाक्याने कितीतरी छात्या विनाकारण कोंडून ठेवल्या आहेत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असे चष्म्याचे घर असेल, तर ते या दिवाळीत उघडावे. फटाक्यांच्या धुराच्या या दिवसांत तर नक्कीच.

वडील गेल्यावर काही महिन्यांनी मी आणि आईने घरी ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ पाहिला. आईला इंग्रजी बेताचेच कळते. मी मधून मधून अर्थ सांगत होतो. म्हातारा चिप्स वाक्याच्या मध्ये थांबला, हुंकारला, श्वास गोळा करू लागला, तेव्हा मी अर्थ सांगण्यासाठी तोंड उघडले. आईने हात वर करून मला थांबवले.

‘‘थांब,’’ ती म्हणाली, ‘‘त्यांना बोलू दे.’’